पाहुणा आणि भाडेकरू

प्रतिवर्षी ईस्टरचा सण झाला की आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांच्या घरभेटीस निघतो. हाती पवित्र पाणी, बरोबर वेदीसेवक मुलगा आणि काखेत कुटुंबांची नोंदवही. या वहीत प्रत्येक कुटुंबाला एक पान आहे. त्यावर कर्त्याचे नाव, मुलांचे स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू यांच्या नोंदी आणि सर्वांत वर पत्ता. शेतकरी कुटुंबांच्या पानांवरील पत्ते आमच्या आधीच्या, किंबहुना त्यांच्याही आधीच्या धर्मगुरूंच्या हस्ताक्षरात जसेच्या तसे आहेत. शिर्डी आणि तिच्या आसपासच्या गावांत भाड्याने राहणाऱ्यांच्या पानांवर मात्र पत्त्याची जागा खाडाखोडीने भरून गेली आहे. एका कुटुंबाचा पत्ता आम्ही चार वर्षांत पाच वेळा खोडला. पाचव्या खेपेस पानावर जागाच उरली नाही, म्हणून कागदाचा तुकडा डकवला.

या कुटुंबातील गृहस्थ रिक्षा चालवतात. त्यांची पत्नी एका लॉजमध्ये खोल्या झाडण्या-पुसण्याचे आणि चादरी बदलण्याचे काम करते. दोन मुले शाळेत जातात. गेल्या घरभेटीच्या वेळी सामान पुन्हा बांधलेले दिसले. आम्ही विचारपूस केली, तेव्हा ती भगिनी शांतपणे म्हणाली, "फादर, मालकीणबाई वाईट नाहीत हो. पण त्यांना आता भाडेकरू नको, गिऱ्हाईक पाहिजे. भाडेकरू महिन्याला पैसे देतो, गिऱ्हाईक रात्रीला देतं."

दिवसभर पाहुण्यांची अंथरुणे घालणाऱ्या या स्त्रीचे स्वतःचे अंथरूण पाहुण्यासाठीच उचलले जात होते. आम्ही घराला आशीर्वाद दिला. परंतु आठ दिवसांत जे घर त्यांचे राहणार नव्हते, त्याला आशीर्वाद देताना आमचे मन स्वस्थ नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. घर ज्याचे, त्याची मर्जी, असे म्हणून तो मिटवता येईल काय? राहत्या घरांचे रूपांतर रोजच्या भाड्याच्या खोल्यांत होऊ लागले, तर त्याला आवर घालण्याचा अधिकार समाजाला आहे काय? आणि असलाच, तर तो कोठवर?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमची तक्रार पाहुण्याविषयी नाही. अतिथीला देव मानणाऱ्या भूमीत आपण जन्मलो. सप्टेंबर महिन्यात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दूरदूरचे भाविक येतात, तेव्हा त्यांना आसरा मिळावा म्हणून आपणही धडपडतो. शिर्डीचा आधुनिक इतिहास तर एका अर्थाने पाहुण्यांच्या सोयीचाच इतिहास आहे. साईबाबांच्या हयातीत हरी विनायक साठे यांनी तेथे वाडा बांधला. १९१०-११ च्या सुमारास काकासाहेब दीक्षितांचा वाडा उभा राहिला. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९११-१२ च्या हिवाळ्यात शिर्डीला दीर्घ मुक्कामास होते. पुढे नागपूरच्या बापूसाहेब बुटींनी वाडा बांधावयास घेतला. १९१८ साली साईबाबांचा देह तेथे विसावला आणि तो वाडाच समाधिमंदिर झाला. बाहेरगावच्या धनिकांनी आपल्याबरोबर इतर भक्तांचीही सोय व्हावी म्हणून गावात नवे छप्पर उभारले, हा या वाड्यांचा अर्थ होय. साईबाबा संस्थानची आजची भक्तनिवासे त्याच मार्गाने आली आहेत.

आपल्या जिल्ह्याला २०२४ साली ज्यांचे नाव देण्यात आले, त्या अहिल्यादेवी होळकरांचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा, १७२५ सालचा. त्यांची कीर्ती घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांमुळे देशभर पसरली. धर्मशाळा या संस्थेमागे एक शहाणपण आहे. वाटसरूला निवारा देणे हे पुण्यकर्म. पण त्या निवाऱ्याचा भार गावातल्या गरिबाच्या छपरावर पडू नये, म्हणून वाटसरूसाठी वेगळी वास्तू बांधावयाची. पाहुण्याला धर्मशाळा आणि रहिवाशाला घर, अशी ही विभागणी होती.

पवित्र शास्त्रातही असाच भेद दिसतो. संत लूक यांनी आपल्या शुभवर्तमानात दोन निरनिराळे ग्रीक शब्द योजले आहेत. बेथलेहेमात योसेफ व मरिया यांना जेथे जागा मिळाली नाही, त्यासाठी 'कटालुमा' हा शब्द आहे. प्रभू येशूने शिष्यांसह अखेरचे भोजन घेतले त्या खोलीसाठीही हाच शब्द येतो. त्याचा अर्थ पाहुण्यांसाठी राखलेली जागा, घरातील पाहुण्यांची खोली. दयाळू शोमरोनी मात्र जखमी माणसाला 'पांडोखेयोन'मध्ये नेतो. म्हणजे पैसे घेऊन कोणालाही उतरवून घेणारी सराई. तेथे तो दोन दिनार मोजतो आणि व्यवहार चोख ठेवतो. पहिल्या ठिकाणी आतिथ्य आहे, दुसऱ्या ठिकाणी व्यवसाय. दोन्हींत वावगे काही नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा राहत्या घराचीच सराई होते आणि घरात राहणाऱ्याला रस्त्यावर यावे लागते.

हे आताच का घडावे? कारणे उघड आहेत. २००९ साली शिर्डीला रेल्वे स्थानक झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये काकडी येथील विमानतळ सुरू झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत गाडी धावू लागली. २०२७ चा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तर उंबरठ्यावर आहे. येणे सोपे झाले, तशी वर्दळ वाढली. त्याच सुमारास मोबाइल प्रत्येकाच्या हाती आला. पूर्वी खोली पाहुण्याला द्यावयाची तर पाटी लावावी लागे, स्टँडवर माणूस उभा करावा लागे. आता चार छायाचित्रे टाकली की हैदराबादचा वा सुरतेचा प्रवासी घरबसल्या पैसे भरून खोली राखून ठेवतो. मालक शिर्डीत असण्याचीही गरज उरली नाही. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली की काम भागते.

यामागील हिशेब कोणालाही समजेल असा आहे. समजा, दोन खोल्यांचे महिन्याचे भाडे सहा हजार रुपये आहे. त्याच खोल्या एका रात्रीसाठी दीड हजारांना दिल्या, तर महिन्यातील चार शनिवार आणि चार रविवार मिळून बारा हजार होतात. म्हणजे केवळ आठ रात्रींत दुप्पट उत्पन्न. उरलेल्या बावीस रात्री खोल्या रिकाम्या राहिल्या, तरी मालकाला चिंता नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे चातुर्य ठरेल. नीतीच्या दृष्टीने मात्र त्या बावीस रात्रींकडे पाहावे लागते. छप्पर आहे, भिंती आहेत, नळ आहे, आणि त्याच गल्लीत एक कुटुंब बोचकी बांधून खोली शोधत आहे. घराला कुलूप लावून ठेवणे हे घर भरण्यापेक्षा लाभदायक ठरावे, ही स्थिती निरोगी म्हणता येणार नाही.

आम्ही त्या मालकीणबाईंना भेटावयास गेलो. त्यांची बाजू ऐकल्यावाचून मत बनवणे अन्यायाचे झाले असते. बाई विधवा आहेत. शेती भावाभावांत वाटली गेली. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले, पेन्शन नाही. त्या म्हणाल्या, "फादर, मागे एक भाडेकरू होता, सहा वर्षं घर सोडलं नाही. भाडंही नाही आणि खोलीही नाही. मी एकटी बाई, कोर्टात किती चकरा मारू? पाहुणा सकाळी येतो, दुसऱ्या दिवशी जातो. भीती नाही." आम्हांस यावर तत्काळ उत्तर देता आले नाही. जे मनुष्य या बाईंना लोभी म्हणून मोकळे होईल, त्याने गरिबीची एकच बाजू पाहिली असे आम्ही म्हणू.

त्यांच्या भीतीला इतिहासही आहे. १९४७ साली मुंबई राज्यात भाडेनियंत्रणाचा जो कायदा झाला, त्याच्या नावातच भाडे, हॉटेल आणि लॉजिंग हाऊस यांच्या दरांचा एकत्र उल्लेख होता. भाडेकरू व पाहुणा हे एकाच निवाऱ्याचे दोन दावेदार आहेत, हे त्या काळच्या कायदेकर्त्यांना ठाऊक होते. परंतु त्या कायद्याने जुनी भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधून ठेवली. दशके उलटली, महागाई वाढली, भाडे मात्र तेच. मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळी ढासळल्या, पागडीचा व्यवहार माजला आणि एकदा दिलेले घर परत मिळत नाही ही धास्ती महाराष्ट्रभर मालकांच्या मनात बसली. भाडेकरूच्या रक्षणासाठी केलेल्या नियमाने पुढच्या पिढीतील भाडेकरूसाठी दारे बंद केली. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला. त्यात लेखी व नोंदणीकृत कराराची सक्ती आहे आणि निवासासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याचा त्यातल्या त्यात जलद मार्गही आहे. तरी जुनी धास्ती गेलेली नाही. या नव्या कायद्याच्या नावात हॉटेल आणि लॉजिंग हाऊस मात्र उरले नाहीत. पाहुणा एका खात्याकडे आणि भाडेकरू दुसऱ्या खात्याकडे गेला. दोघांकडे एकत्र पाहणारे कोणी राहिले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मालकीचा हक्क किती दूरवर जातो? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांस सांगण्यात आले होते की, करारात फसवणूक नाही, जबरदस्ती नाही आणि ठरलेला मोबदला दिला गेला, तर देवघेवीचा न्याय पाळला गेला. मालकीणबाईंनी मुदत संपल्यावर खोली मागितली, अनामत रक्कम परत केली. देवघेवीचा न्याय पुरा झाला. पण न्यायाचे एवढेच रूप नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालमत्तेचा विचार करताना एक महत्त्वाचा भेद केला. वस्तू मिळवणे आणि तिची व्यवस्था पाहणे हे खाजगी असावे, कारण जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही. परंतु तिचा उपभोग घेताना ती जणू सर्वांची आहे असे मानावे आणि दुसऱ्याची गरज दिसताच वाटून घ्यावे. नाट्यगृहात आधी येऊन बसलेला प्रेक्षक चूक करीत नाही. मात्र मागून येणाऱ्यांची वाट त्याने अडवली तर तो चूक करतो, हा संत बाझिल यांचा दृष्टांत त्यांनी या संदर्भात विचारात घेतला आहे. गांधीजींचा विश्वस्ताचा विचारही याहून फार दूर नाही.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात घरांविषयी एक नियम आहे, त्याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. तटबंदी असलेल्या नगरातील घर विकले, तर मूळ मालकाला ते वर्षाच्या आत सोडवता येई. त्यानंतर ते विकत घेणाऱ्याचे कायमचे होई. तटबंदी नसलेल्या खेड्यातील घर मात्र शेताप्रमाणेच गणले जाई आणि योबेल वर्षी ते मूळ कुटुंबाकडे परत जाई. असे का? खेड्यातील घर कष्टकऱ्याच्या कामाशी जोडलेले असते, त्याचे घर गेले तर त्याचे कामही जाते, हा त्यातील आशय आम्हांस दिसतो. नियमशास्त्राने सर्व घरे एका मापाने मोजली नाहीत; घराला जोडलेले जीवनही मोजले. १९८७ हे बेघरांसाठीचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. त्यानिमित्त व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने काढलेल्या पत्रकातही निवारा ही केवळ बाजारातील वस्तू नव्हे, हाच विचार मांडला गेला.

घर आणि काम यांचा हा संबंध शिर्डीत रोज दिसतो. पाहुण्यांसाठी स्वयंपाक करणारे, भांडी घासणारे, फुले विकणारे, रिक्षा हाकणारे, दवाखान्यात रात्रपाळी करणारे हे सर्व कोठे तरी झोपतात. गावात खोली मिळेनाशी झाली की ते साकुरीकडे सरकतात, तेथून राहात्याकडे, तेथून कोपरगावाकडे. येण्याजाण्यात पैसा जातो, वेळ जातो. रात्री उशिरा सुटणाऱ्या स्त्रीला वाहनाची वाट पाहत उभे राहावे लागते. मुलांची शाळा बदलते, आणि तीही पुष्कळदा वर्षाच्या मध्येच. पाहुण्याची एक रात्र आणि मुलाचे शाळेचे एक वर्ष या दोन गोष्टी एकाच तागडीत घालता येतील काय?

म्हणून नियमन असावे, असे आमचे मत झाले आहे. ही कल्पना परदेशातून आणलेली नाही. पुरीच्या यात्रेकरूंना उतरवून घेणाऱ्या घरांसाठी १८७१ साली बंगाल प्रांतात स्वतंत्र कायदा झाला होता. त्यामागे आरोग्याची काळजी होती. गोव्यात १९८२ पासून पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा आहे. जगातही आज हाच विचार चालू आहे. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून अशा घरांची नोंदणी सक्तीची केली. तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी पाहुणा ठेवावयाचा, तर यजमानाने स्वतः त्याच घरात राहिले पाहिजे, अशी तेथे अट आहे. बार्सिलोना शहराने जून २०२४ मध्ये जाहीर केले की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवावयाचे नाहीत. आपल्या केंद्र सरकारच्या न्याहारी-निवास योजनेतही मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे आणि खोल्या सहापेक्षा अधिक नसाव्यात, अशी मर्यादा आहे.

दिल्ली आणि न्यूयॉर्क यांनी जी रेषा ओढली, ती नीतीच्या दृष्टीनेही योग्य जागी आहे. जेथे यजमान स्वतः राहतो आणि आपल्या घरातली एखादी खोली पाहुण्याला देतो, तेथे कोणी बेघर होत नाही. विधवा बाईला आधार मिळतो आणि पाहुण्याला घरचा चहा मिळतो. अशा घराला परवाना सहज मिळावा, फी नाममात्र असावी. जेथे मालक दुसऱ्या शहरात बसून पाच-दहा सदनिका विकत घेतो आणि त्या रोजच्या भाड्याने चालवतो, तेथे वास्तविक लॉजच चालू असतो. मग लॉजला लागू असलेली नोंदवही, अग्निसुरक्षा, करपट्टी आणि वीजदर त्याला लागू का नसावेत? अशा सदनिकांच्या संख्येला मर्यादा असावी आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या कराचा वाटा कष्टकऱ्यांच्या घरांसाठी राखावा. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबात शाळकरी मुले असतील, तर शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत त्यांना उठवू नये. दुसऱ्या बाजूने, मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्या भाडेकरूविरुद्ध मालकाला लवकर न्याय मिळावा. मालकाची धास्ती गेल्यावाचून भाडेकरूसाठी दार उघडणार नाही, हा धडा १९४७ च्या कायद्याने आपणांस दिला आहे.

एक सावधगिरीही हवी. नियमाची कात्री प्रथम लहानांवर चालते. एका खोलीची बाई सापडते आणि दहा सदनिकांचा धनी निसटतो. म्हणून नियम लिहिताना खोल्या मोजाव्यात आणि एकाच मालकाच्या नावावर अशा किती आहेत, हेही मोजावे.

हे सारे दुसऱ्यांना सांगणे सोपे आहे. आमच्या चर्चच्या आवारात जुन्या काळी प्रचारकांसाठी बांधलेल्या तीन खोल्या आहेत. त्या बरीच वर्षे बंद होत्या. चर्चचे छप्पर पावसाळ्यात गळते आणि दुरुस्तीचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. धर्मग्राम मंडळाच्या सभेत एका होतकरू तरुणाने सुचवले, "फादर, या तीन खोल्या रंगवून मोबाइलवर टाकू. दोन वर्षांत छपराचे पैसे सुटतील." सभेत माना डोलल्या. खरे सांगावयाचे तर आमचीही मान डोलली. हिशेब चोख होता आणि हेतूही देवकार्याचा होता. त्या रात्री नोंदवहीत एक स्नानसंस्कार लिहावयाचा होता. वही उघडताना तो डकवलेला कागदाचा तुकडा समोर आला. मालकीणबाईंना जो प्रश्न आम्ही विचारावयास गेलो होतो, तोच आता आमच्या आवारात उभा होता. आणि आमच्यावर तर मुलाच्या शिक्षणाचे कर्जही नव्हते.

पुढील सभेत पुष्कळ चर्चा झाली. दोन खोल्या भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना, लेखी करार करून, परवडेल अशा मासिक भाड्याने द्याव्यात आणि तिसरी वाटसरूसाठी मोकळी ठेवावी, असे ठरले. ज्यांनी विरोध केला त्यांचा राग आम्हांस समजतो. छप्पर अजून गळते आहे आणि पावसाळ्यात डावीकडील बाके आम्हांला सरकवावी लागतात. दोन खोल्यांनी शिर्डीचा प्रश्न सुटला, असा आमचा भ्रम नाही. म्हणूनच कायदा हवा, नगरपरिषद हवी, शासन हवे. मात्र कायदा येईपर्यंत आपल्या हातातील किल्लीचा विचार आपणच करावयाचा आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी कष्टाने घरे बांधली आहेत आणि त्यांत एखादी जादा खोली आहे. ती पाहुण्याला देऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. इतकेच सांगतो, की ती देण्यापूर्वी तेथे आज कोण राहते ते पाहावे, त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात ते विचारावे आणि दुसरी जागा मिळेपर्यंत त्यांना अवधी द्यावा. त्या कुटुंबाचे पान आम्ही आता नवे केले आहे. त्यावर पत्ता लिहिला आहे: चर्चचे आवार, खोली क्रमांक दोन. अकरा महिन्यांनी करार संपेल, तेव्हा तो नव्याने करावयाचा, असे मंडळाने ठरवले आहे.